बटणाची खाट

तोंगशी बंदर
सहावा महिना, एकोणीस. क्वानइम मायचा दिवस.

सू-छिंग हिस,

माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस, म्हणून लिहितेय. ठेवतेस ते बरंच करतेस म्हणा. फोनवर माझ्या तोंडातून विंचू पडतात. कागदावर निदान खोडता येतं.

तुझं पत्र मिळालं. एवढ्या मोठ्या पानावर चार ओळी. "आई, तुम्ही चिन-हायला विचारा. तो हो म्हणाला तर मी आ-तोंगशी लग्न करीन. नाही म्हणाला तर हा विषय पुन्हा काढणार नाही. तब्येतीला जपा." संपलं. माझा मुलगा डोलकाठीवरून पडला, कमरेखाली लुळा झाला, सहा वर्षं अंथरुणाला खिळून होता. त्याचं हगणंमुतणं तू काढलंस. आणि आता त्याला सोडून जायला चार ओळी? बाजारात बोंबलाच्या भावावरून तू याहून जास्त घासाघीस करायचीस.

त्याच्या नावाची पाटी माझ्या देव्हाऱ्यात आहे, कौल लावायची दोन नाणी माझ्या डबीत आहेत, तेव्हा विचारायचं झालं तर मलाच विचारावं लागणार. विचारीन. मेलेल्या माणसाला गडबड नसते, तूही करू नकोस.

आणि एक. तिसऱ्या वर्षाच्या श्राद्धाला तू त्या आ-तोंगचं नाव काढलंस तेव्हा माझ्या हातून शेवयांचं पातेलं निसटलं. निसटलं. मी फेकलं नव्हतं. शेजारची आ-किम गावभर 'फेकलं' म्हणून सांगत फिरते, तिच्या जिभेला हाड नाही.

आता कामाची गोष्ट. मी कालवं फोडायचं बंद केलं. बोटं वळत नाहीत, सुरी शिंपल्यात जायच्या ऐवजी तळहातात जाते. शेड रिकामीच पडली होती, तिथे मी खाटघर काढतेय. दवाखान्यात असतात तशा खाटा, चाकाच्या खुर्च्या, वॉकर. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याने फुकट न्यायचं, काम झालं की परत आणून ठेवायचं. तुला आठवत असेल, चिन-हायला खाट मिळेपर्यंत तो जमिनीवर फळीवर होता, आणि त्याची कूस बदलताना तुझी पाठ आणि माझी पाठ कोणाची आधी मोडते अशी शर्यत लागायची. तशी वेळ गावात दुसऱ्या कोणावर येऊ नये. मनात दया आली म्हणून करतेय. दुसरं काही कारण नाही.

नवव्या महिन्याच्या एकोणीसला, क्वानइम मायच्या पुढच्या सणाला, उद्घाटन आहे. ती करुणेची माय, काम करुणेचं, दिवस जुळून आलाय. तू यायचंस. चिन-हायची बायको म्हणून माझ्या शेजारी उभं राहायचंस. दारावरच्या पाटीवर तुझंही नाव घातलंय.

तुझी सासू
बोंग-छी


तोंगशी बंदर
सातवा महिना, वीस

सू-छिंग हिस,

विचारलं त्याला.

भुतांचा महिना आहे, सगळे मेलेले इकडेच फिरतायत, म्हटलं आत्ताच विचारावं, लांबून यायला नको त्याला. आंघोळ केली, उदबत्ती लावली, त्याच्या आवडीची तळलेली कालवं ठेवली. म्हटलं, बाबा रे, तुझी बायको दुसरं लग्न करू म्हणतेय, करू दे का? आणि नाणी टाकली. पहिल्यांदा दोन्ही छापे. म्हणजे हसला. असल्या प्रश्नाला हसणारच. दुसऱ्यांदा दोन्ही काटे. तिसऱ्यांदाही दोन्ही काटे. एक छापा आणि एक काटा पडला तर हो, तेही लागोपाठ तीनदा, हे मी तुला सांगायला नको. इथे एकदाही नाही. याहून स्पष्ट नकार तो जिवंतपणी तरी कधी देत होता का?

कोणी बघायला नव्हतं म्हणशील. क्वानइम माय बघत होती. एक नाणं घरंगळत कपाटाखाली गेलं, ते काढायला वाकले तर कमरेत उसण भरली, ती अजून आहे. तेव्हा हे काही मी मौजेसाठी केलेलं नाही.

तू म्हणाली होतीस, नाही म्हणाला तर विषय संपला. मग संपला.

खाटघराचं जोरात चाललंय. चाँगबाईंनी त्यांच्या नवऱ्याची खाट दिली, तोही गेल्या वर्षी गेला. म्हणाल्या, "घेऊन जा बाई, रिकामी दिसली की मी तिलाच चहा विचारते." देवळाच्या पंचांनी चाकाच्या खुर्च्या मिळवून दिल्या, त्यातल्या अर्ध्या कुरकुरतात, पंचांसारख्याच. मी प्रत्येक खाटेच्या उशाशी लाल कागद चिकटवलाय, त्यावर सोनेरी अक्षरांत, "कै. चिन-हाय आणि पत्नी सू-छिंग यांच्याकडून". रंगारी म्हणाला, "मावशी, एवढ्या चिठ्ठ्या? एक पाटी पुरे की." मी म्हटलं, "तू ब्रश चालव, तोंड नको." पुण्य करायचं तर कोणाच्या खात्यावर जमा करायचं ते वर कळायला नको?

त्याची स्वतःची खाट मी या सगळ्यात धरलेली नाही. ती बटणाची, बटण दाबलं की पाठ वर येते ती. ती आतल्या खोलीत आहे तिथेच आहे. चादर बदलते मी दर आठवड्याला. तिला कागद लावलेला नाही, कारण ती द्यायचीच नाही.

या महिन्यात झोप येत नाही. भुतं असतील.

तुझी सासू
बोंग-छी


तोंगशी बंदर
आठव्या महिन्याची पौर्णिमा

सू-छिंग हिस,

पपनसं पोचली. पण ती कुणाच्या हाती पाठवलीस?

दुपारी दारात एक टकल्या उभा. बगलेत हेल्मेट, दोन्ही हातांत जाळीच्या पिशव्या. मी ओळखलंच.

"आई, मी आ-तोंग. सू-छिंगने सणाची पपनसं पाठवलीत."

"मी तुझी आई कधी झाले रे?"

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. ठेव तिथे पायरीवर."

त्याने ठेवली. एक घरंगळत गटाराकडे निघालं तर धावत जाऊन पकडलं, शर्टाला पुसलं आणि पुन्हा पिशवीत घातलं. मी पाणी विचारलं नाही. सणाच्या दिवशी दारात आलेल्या माणसाला मी पाणी विचारलं नाही, हे आज पहिल्यांदाच घडलं माझ्या हातून. लिहिताना बरं वाटत नाहीये, पण घडलं ते घडलं.

शेडवर रंगारी दाराची पाटी चढवत होता. हा मान वर करून वाचत राहिला. त्याचं नाव तिथे असतं तर इतका वेळ लागला नसता वाचायला. मी वाट बघत होते, आता काही बोलेल, आता कावेल, म्हणजे मलाही दोन शब्द सुनावता येतील. तर म्हणतो कसा, "अक्षरं छान आलीत. 'सू' जरा वाकडं आहे, पण तिला चालेल."

मग म्हणाला, "मी पुन्हा येणार नाही, काळजी करू नका. तिने सांगितलं मला. चिन-हायदादा नाही म्हणाले म्हणून. पपनसं म्हणजे शेवटचं काम दिलं तिने, नाही म्हणता आलं नाही." आणि हेल्मेट घालून गेला. चिन-हायदादा! ओळख ना पाळख.

म्हणजे तू खरंच ऐकलंस. एका कौलावर. मला वाटलं होतं तू भांडशील, पुन्हा टाका नाणी म्हणशील, माझ्यासमोर टाका म्हणशील. मी तर तुझ्या भांडणाची तयारी करून बसले होते, उत्तरंसुद्धा पाठ केली होती.

आनंद व्हायला हवा होता. संध्याकाळी अंगणात चंद्राखाली बसून एक पपनस सोललं. गोड निघालं, अगदी साखर. दोन फोडी खाल्ल्या आणि उरलेलं आ-किमच्या नातवंडांना देऊन टाकलं.

उद्घाटनाला शेवया लागतील. तुझ्या हातच्या लोकांना आवडतात.

तुझी सासू
बोंग-छी


तोंगशी बंदर
नववा महिना, वीस

सू-छिंग हिस,

काल तू आलीस. बरं केलंस.

तू शेवटच्या बसने गेलीस आणि आपण दोन शब्दही बोललो नाही. तू बोलली नाहीस हे म्हणायचा मला अधिकार नाही; मीच तुला सकाळपासून "इकडे उभी राहा", "जरा पुढे ये", "हात जोड" याखेरीज काही म्हटलं नाही. करड्या रंगाचा तो जुना ब्लाऊज घालून आली होतीस, त्याच्या श्राद्धाला घालायचीस तो. मी काही सांगितलं नव्हतं, तरी तू तोच घातलास. येणारे जाणारे माझ्या हाताला हात लावून म्हणत होते, "बोंग-छी, नशीबवान आहेस, अशी सून हल्ली शोधून सापडत नाही." मी हसत होते. तू पण हसत होतीस, पण डोळे शेवयांच्या पातेल्यावर होते. मग मीही तिकडेच बघायला लागले, कारण तुझ्याकडे बघवेना.

तुझ्या लक्षात आलं असेल, नसेल तर सांगते. शेवया संपल्या, कालवं संपली, पंचांचं भाषण एकदाचं संपलं, आणि खाट एकही गेली नाही. एकही नाही. लोक यायचे, खाटेवर हात फिरवायचे, उशाशी वाकून लाल कागद वाचायचे आणि "छान, छान" करत मागे सरायचे. वॉकरसुद्धा हलला नाही. मी आ-किमला कोपऱ्यात घेतलं. म्हटलं, तुझा सासरा घसरून पडलाय, मांडीचं हाड मोडलंय, तू का नेत नाहीस?

"नेते की. पण तो म्हणतो, त्या चिठ्ठीच्या खाटेवर मी झोपणार नाही."

"का?"

"रागावशील."

"आधीच रागावलेय. बोल."

"तो म्हणतो, मेलेल्या माणसाच्या खाटेवर झोपायला हरकत नाही, खाटा अशाच येतात. पण उशाशी त्याचं नाव वाचत पडायचं म्हणजे त्यानेच बोलावणं पाठवल्यासारखं वाटतं. चिन-हाय पोरगा चांगला होता, पण म्हणून त्याच्याकडे जायची मला घाई नाही, म्हणाला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळ्या गावाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, रंगाऱ्यालासुद्धा. सांगितलं कोणी नाही, कारण माझं तोंड.

मग आ-किम हळूच म्हणाली, "ती आतली दे ना. बटणाची. तिच्यावर कागद नाही. आणि माझे हात बघ, सासऱ्याला उठवून बसवताना खांदे निखळतात. बटण असलं तर..."

आ-किमचे हात माझ्यापेक्षा वाईट आहेत, तू पाहिलेत. चाळीस वर्षं माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून तिने कालवं फोडली. आणि मी तिला म्हटलं, "तिची मोटर जळलीय."

"असं होय," म्हणाली. "बरं." आणि वाकून नमस्कार करून गेली. परक्या माणसाला करावा तसा.

तू तेव्हा मोरीत पातेली घासत होतीस. पाण्याचा आवाज थांबला होता. म्हणजे ऐकलं असशील.

मोटर उत्तम चालते. दर आठवड्याला चादर बदलताना मी बटण दाबते. रिकामी पाठ वर येते, खाली जाते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

बोंग-छी


तोंगशी बंदर
नववा महिना, पंचवीस

सू-छिंग,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता पोस्टाची वेळ व्हायच्या आत संपवून टाकणार आहे, नाहीतर हेही फाडीन.

काल सकाळी आ-तोंग आला. येणार नाही म्हणाला होता, पण आ-किमने बोलावलं. तिला कोणीतरी सांगितलेलं, तो तिकडे तुझ्या चियायी शहरात पाण्याचे पंप दुरुस्त करतो, मोटरी त्याच्या हाताखालून जातात. बिचारीने माझं बोलणं खरं धरलं आणि माझ्या खाटेची मोटर नीट करायला माणूस बोलावला, त्याचा खर्चही मी देते म्हणाली. मी दारात उभी, आत घेऊ का नको. आ-किम माझ्या बगलेखालून आत शिरली, "या हो, इकडे," करत. तो चपला काढून, मान खाली घालून तिच्या मागोमाग.

त्याने खाटेखाली पाठीवर झोपून झाकण उघडलं. मी भिंतीला टेकून उभी होते. वाटत होतं, भिंतीने मला पोटात घ्यावं. आता हा म्हणणार, यात काही बिघाड नाही. आणि आ-किम माझ्याकडे बघणार. आणि मग संपलं. चाळीस वर्षांच्या शेजाराची काय किंमत केली मी, ते एका बटणावर कळणार होतं.

तो बराच वेळ खाली पडून राहिला. मग झाकण लावलं, उठला, हात पुसले. माझ्याकडे बघितलंच नाही. आ-किमला म्हणाला, "एक तार सैल झाली होती. आवळली. आता चालेल."

बटण दाबलं. पाठ वर आली.

आ-किम टाळ्या वाजवायला लागली, म्हणाली, "बोंग-छी, बघ, जळली नव्हती!" मी "हो का" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? तो हत्यारं भरत होता. त्याला म्हटलं, पाणी पिशील? तो म्हणाला, "घेईन की." दोन पेले प्याला. घसा कोरडा पडला असेल, खोटं बोलायची सवय दिसत नाही त्याला.

सू-छिंग, पोरी, मला त्या क्षणी जी लाज वाटली ती कशी लिहू? पकडले गेले असते तर बरं झालं असतं. मी भांडले असते, तोंड फिरवलं असतं, चार दिवसांनी विसरले असते. पण त्याने मला झाकलं. ज्याला मी दारातून हाकललं, ज्याचा संसार मी मोडला, त्याने माझी अब्रू उचलून नीट जागेवर ठेवली आणि वर पाणी पिऊन आभार मानले.

होय, मीच मोडला. तेच सांगायला बसलेय.

ते गेल्यावर मी देव्हाऱ्यासमोर बसले. खाट द्यायची तर त्याला विचारायला हवं, त्याची आहे. नाणी टाकली. एक छापा, एक काटा. पुन्हा टाकली. एक छापा, एक काटा. तिसऱ्यांदा बघायचं धाडस होईना, कारण मला माहीत होतं काय पडणार. सातव्या महिन्यातही हेच पडलं होतं. तीनदा. तुझ्यासाठी विचारलं तेव्हा. हसला नाही, नाही म्हणाला नाही, एकदाही. तिन्ही वेळा हो. इतक्या भराभर, जणू वाटच बघत होता कोणी विचारायची. मी नाणी पुन्हा उचलली आणि हाताने उलटी करून ठेवली. दोन्ही काटे. तसं ठेवून तुला लिहिलं, म्हणजे लिहिताना समोर तरी काटे दिसावेत. त्यातलं एक घरंगळलं तेव्हा मला वाटलं, त्यानेच ढकललं.

मेलेल्या मुलाच्या तोंडी मी माझं 'नाही' घातलं. त्याच्याच देव्हाऱ्यासमोर, त्याचीच आवडती कालवं समोर ठेवून.

मी म्हणत होते मनात दया आली. आली असेल थोडी. पण खाटघर काढलं ते तुझं नाव पाटीवर चढवायला. गावासमोर एकदा तू त्याची बायको म्हणून उभी राहिलीस, सोनेरी अक्षरांत लिहिली गेलीस, की पुढे कुठे जाशील? लोकांच्या दुखण्याची मी दोरी वळली आणि तुला बांधली. म्हणूनच खाटा हलल्या नाहीत. लोकांना अक्षर वाचता येतं तसा हेतूही वाचता येतो.

आज सगळ्या चिठ्ठ्या कोमट पाण्याने भिजवून काढल्या. पाटीही उतरवली. रंगारी म्हणाला, "मावशी, आता काय लिहू?" मी म्हटलं, "खाट न्या, एवढंच." "आणि नाव?" "नाव नको." तो म्हणाला, "मग पैसेही कमी घेतो." संध्याकाळपर्यंत दोन खाटा आणि तीन वॉकर गेले. बटणाची आ-किमकडे पोचली. तिचा सासरा पाठ वर-खाली करून घेतोय नुसता, पोरासारखा; मोटरीचा आवाज मला माझ्या खोलीत ऐकू येतो.

तू माझ्याकडून काही घेऊ नकोस, क्षमासुद्धा मागत नाही, कारण मागितली की तू देशील. चिन-हायचं उत्तर 'हो' आहे. एवढंच कळवायचं होतं.

बोंग-छी


तोंगशी बंदर
अकरावा महिना, सहा

सू-छिंग,

तुझा फोन आला त्या दिवशी मी उचलला आणि तू म्हणालीस, "आई, मला माहीत होतं," तेव्हा मी रिसीव्हर तसाच धरून बसले. तुला वाटलं असेल लाइन गेली. लाइन गेली नव्हती.

तू किती सहज सांगितलंस. की शेवटच्या हिवाळ्यात, त्याच खाटेवर, बटण दाबून पाठ वर करून बसवल्यावर त्यानेच तुला बजावलं होतं, मी गेलो की तू जा, आईला मी कौलात हो म्हणेन, तिला माझ्याकडूनच ऐकू दे. म्हणून तू मला विचारायला लावलं होतंस. माझं पत्र वाचलंस आणि तिथल्या तिथे ओळखलंस की 'नाही' त्याचं नाही, माझं आहे.

मी विचारलं, "मग ऐकलंस कशाला? आ-तोंगला परत कशाला पाठवलंस?"

"तुम्हाला 'नाही' हवं होतं, आई."

"आणि उद्घाटनाला? तो करडा ब्लाऊज घालून?"

तू म्हणालीस, "नाहीतर तुम्ही त्या पाटीखाली एकट्या उभ्या राहिल्या असता."

पोरी, सत्तरीच्या जवळ आले मी. दयेचं दुकान काढलं, पंचांचं भाषण ठेवलं, क्वानइम मायचा मुहूर्त धरला. आणि दया मात्र मोरीत पातेली घासत होती. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. अजूनही नाही. उदबत्ती लावतानासुद्धा मी त्याच्या पाटीकडे सरळ बघत नाही, जरा बाजूला बघते.

मी इथे लिहिलं होतं, की तुला आई नाही, तेव्हा माझी मुलगी हो, माझ्या दारातून सासरी जा, मी पाठवणी करते, गावात अशा सासवा झाल्यात. त्या ओळी खोडल्या, तुला दिसतच असतील. चांगल्या होत्या. पण मी पुन्हा वाचल्या तर तीच दोरी, नुसती लाल रंगवलेली. मुलगी झालीस की सणाला येशील, न आलीस की मी रुसेन, रुसले की पातेलं निसटेल. मला मी माहीत आहे. माझ्या आईबापांनी चौथी मुलगी झाली म्हणून माझं नावच बोंग-छी, म्हणजे 'असू दे, वाढवा', ठेवलं. नको असताना ठेवून घेतलेली बाई मी, मला सोडायचं कोणी शिकवलंच नाही. हे निमित्त म्हणून सांगत नाही. थोडं निमित्त म्हणूनच सांगतेय.

लग्न काल, हे मला काल सकाळी आ-किमकडून कळलं. तू मला बोलावलं नाहीस, योग्य केलंस. तिला मुहूर्त माहीत होता, मी विचारला नव्हता, तीच भिंतीवरून ओरडली, "नऊ वाजता निघणार गं तिची गाडी!"

मुलीची गाडी निघाली की आईने मागून पाणी ओतायचं असतं. सांडलेलं पाणी भांड्यात परत येत नाही, तसं पोरीला कधी रडत परत यावं लागू नये म्हणून. तुला आई नाही. तिकडे कोणी ओतलं का मला माहीत नाही, कोणाच्या लक्षात आलं नसेल. म्हणून नऊ वाजता मी तसराळंभर पाणी घेऊन आपल्या गल्लीत गेले आणि चियायीच्या दिशेने ओतलं.

आ-किम भिंतीवरून डोकावली. "अगं बोंग-छी, रस्त्यात काय सांडतेस? माझा सासरा आज पहिल्यांदा काठी घेऊन बाहेर पडतोय, घसरेल ना!"

"घसरला तर खाट आहे," मी म्हटलं.

ती बघत राहिली. मग तिला कळलं. डोकं खाली गेलं, आणि जरा वेळाने तिने झाडू आणून पाणी बाजूला सारलं.

पाणी ओतलं की आईने मागे न बघता आत जायचं असतं. तेवढं मला जमलं नाही. रस्ता वाळेपर्यंत उभी होते. सध्या उत्तरेचा वारा सुटलाय, त्यामुळे फार वेळ लागला नाही.

याला उत्तर पाठवू नकोस.

बोंग-छी